जुन्या गाडींतील नवा स्पीकर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस नववीच्या वर्गांत ध्वनीचा धडा चालू असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, नवा स्पीकर जुन्यापेक्षां वाईट कसा वाजेल?" वर्गांत हंशा पिकला, परंतु विचारणारा मुलगा हंसत नव्हता. त्याच्या वडिलांची एका केबिनची जुनी पिकअप गाडी आहे. नारायणगांवचा टोमॅटो घेऊन ते रात्रीं माळशेज घाटानें वाशीच्या बाजारास जातात, पहाटे माल उतरवितात, आणि दुपारपर्यंत घरीं परततात. सोबतीस माणूस नसतें; असतो तो एक टेप. (टेप हा चालक लोकांचा शब्द आहे. हल्लीं त्यांत फीत नसते, मोबाइलमधील गाणीं वाजतात. पण नांव टिकून राहिलें आहे.) जुने स्पीकर खरखर करूं लागले म्हणून त्यांनीं दिवाळीसाठीं बाजूस ठेवलेल्या पैशांतून नवे आणविले. खोक्यावर "५०० वॅट" असें मोठ्या अक्षरांत छापलेलें होतें. दुकानांतच ते बसवून मिळाले; आणि आवाज पूर्वीपेक्षांहि पातळ झाला. तक्रार घेऊन गेल्यावर सल्ला मिळाला कीं, याहून मोठे, हजार वॅटचे, घ्या, व जोडीला अँप्लिफायरहि घ्या. त्यासाठीं उसनवार करावी असें त्या गृहस्थांच्या मनांत चाललें होतें.

शनिवारीं शाळा सुटल्यावर ते गाडी घेऊन आवारांत आले, आणि आम्हीं दोन्ही दारांचीं पॅडें काढून पाहिलें. जें दिसलें तें येथें जरा विस्तारानें लिहितों. कारण अशा गाड्या आपल्या पालकांपैकीं पुष्कळांकडे आहेत.

स्पीकरची रचना वरकरणी अवघड वाटते. खरें पाहतां ती फार साधी आहे. मागें कडीच्या आकाराचा एक लोहचुंबक, त्याच्या मध्यभागीं एक अरुंद गोल फट, त्या फटींत तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें, आणि वेटोळ्यास चिकटविलेला कागदाचा अगर प्लॅस्टिकचा शंकू. विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हें ओर्स्टेड यानें १८२० मध्यें दाखविलें, तें आपण आठवीच्या वर्गांत पाहतोंच. येथें त्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे: चुंबक जागचा हलत नाहीं, म्हणून तार हलते. वेटोळ्यांतून वीज एका दिशेनें गेली कीं शंकू पुढें सरतो, उलट गेली कीं मागें. टेपांतून येणारी वीज सेकंदांत शेंकडों, प्रसंगीं हजारों वेळां दिशा बदलते. तितक्याच वेळां शंकू पुढें-मागें होऊन हवेस धक्के देतो. ऑलिव्हर लॉज या इंग्रज शास्त्रज्ञानें अशा वेटोळ्याचें पेटंट १८९८ मध्येंच घेतलें होतें. परंतु त्याला पुरेसा जोर देणारा अँप्लिफायर त्या काळीं कोठें होता? पुढें १९२५ मध्यें अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे राइस व केलॉग यांनीं त्याला आजचें रूप दिलें, आणि १९३० मध्यें शिकागोच्या गॅल्विन कंपनीनें मोटोरोला या नांवानें मोटारींतील रेडिओ विकावयास काढला. तेव्हांपासून आजपर्यंत मूळ कल्पना बदललेली नाहीं.

शंकूच्या बाहेरील कांठास कापडाची, रबराची अगर फोमची मऊ कड असते. ती शंकूस मोकळेपणानें हलूं देते, आणि तरीहि वेटोळें फटीच्या मधोमध राखण्यास मदत करिते. जुन्या स्पीकरांत पुष्कळदां ही कड फोमची असे. फोमास उष्णता व दमट हवा सोसत नाहीं. कांहीं वर्षांनीं बोट लावतांच त्याचा भुगा होतो. त्यांतून दाराची जागा ही ओलीची. कित्येकांस ठाऊक नसतें कीं मोटारीचें दार आंतून कोरडें नसतें. कांचेच्या कडेनें पावसाचें पाणी दारांत उतरतें आणि दाराच्या तळाशीं असलेल्या भोंकांवाटे बाहेर पडतें. तशी योजनाच केलेली असते. माळशेजच्या पावसांत चार महिने हिंडणाऱ्या गाडीच्या दारांत स्पीकर लावणें म्हणजे तो पागोळीखालीं टांगण्यासारखें आहे. यास्तव स्पीकरच्या मागें, वरच्या अंगास, प्लॅस्टिकचें लहानसें छप्पर करावें. जुन्या पातळ डब्याचा अर्धा तुकडाहि चालतो.

स्पीकर गेला कीं राहिला हें ओळखण्यास दुकानांत जावें लागत नाहीं. दोन्ही अंगठे शंकूच्या मध्याजवळ समान अंतरावर ठेवून हलकेंच दाबावें. खरवडल्यासारखा आवाज आला तर वेटोळें फटीस घासत आहे. मग मीटरनें रोध मोजावा. चार ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवितो. कांटा मुळींच हलला नाहीं तर आंतील तार तुटली. जुने स्पीकर त्यांनीं टाकले नव्हते, गाडींतच गुंडाळून ठेविले होते. डाव्याची कड अर्धी गळून गेली होती व उजव्याचें वेटोळें घासत होतें. तेव्हां ते बदलणें चूक नव्हतें. चूक झाली ती नवे बसवितांना.

आतां मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. शंकू पुढें सरला म्हणजे समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणीं मागची हवा विरळ होते. म्हणजे स्पीकर एकाच वेळीं दोन ध्वनि उत्पन्न करितो, एक पुढें व एक मागें, आणि ते परस्परांच्या नेमके उलट असतात. दोहोंच्या मध्यें भिंत नसेल तर दाबलेली हवा कांठावरून वळून मागच्या विरळ जागेंत शिरते, आणि दोन्ही एकमेकांस खाऊन टाकितात. मात्र सर्वच स्वर असे नाहींसे होत नाहींत, आणि खरी गंमत येथेंच आहे. हवेंतून ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. सेकंदास १०० कंपनांचा खालचा स्वर घेतला तर त्याची लाट ३.४ मीटर लांब भरते; एवढ्या लांब लाटेस सहा इंची स्पीकरचा कांठ ओलांडून मागें जाणें म्हणजे उंबरठा ओलांडण्याइतकें सोपें. उलट ५,००० कंपनांच्या वरच्या स्वराची लाट सातएक सेंटिमीटरच असते. ती बहुतांशीं सरळ समोर निघून जाते. म्हणून भिंत नसलेला स्पीकर झांजा वाजवितो, डग्गा वाजवीत नाहीं. पातळ आवाज म्हणतात तो हाच.

ज्यांना हें पटत नसेल त्यांनीं घरीं एक प्रयोग करावा. सुटा स्पीकर हातांत धरून गाणें लावावें. मग हातभर लांबी-रुंदीच्या जाड पुठ्ठ्यास स्पीकरच्या मापाचें भोंक पाडून त्यावर तो घट्ट दाबावा. तेंच गाणें, तीच वीज, तोच स्पीकर. पण डग्गा एकदम खोलींत येतो. आमच्या वर्गांत हा प्रयोग झाला तेव्हां मागच्या बांकावरील दोघे, जे सहसा फळ्याकडे पाहत नाहींत, ते उठून पुढें आले.

त्या गाडीच्या दारांत काय झालें होतें? जुना स्पीकर मोठा व नवा थोडा लहान. दाराच्या आंतल्या पत्र्यांतील भोंक जुन्याच्या मापाचें असल्यामुळें नवा स्पीकर पत्र्यास पोंचेना; म्हणून तो नुसत्या प्लॅस्टिकच्या पॅडवर दोन स्क्रूंनीं टांगला होता. भोंवतीं बोट जाईल एवढी फट. जुना स्पीकर फाटका असला तरी पत्र्यास चारी बाजूंनीं बसलेला होता. नवा धडधाकट, पण त्यास भिंतच नव्हती. पांचशें वॅटचे हजार केले असते तरी तो त्याच फटींतून स्वतःस खात राहिला असता.

उपाय स्वस्त होता. अर्धा इंच जाड प्लायवूडची एक कडी सुताराकडून कापून घेतली. बाहेरचें माप जुन्या भोंकाहून मोठें, आंतलें नव्या स्पीकरचें. पाणी लागून प्लायवूड फुगूं नये म्हणून तिला सर्व बाजूंनीं, कापलेल्या कडांनाहि, ऑइलपेंटचे दोन हात दिले. कडी पत्र्यावर व स्पीकर कडीवर बसवितांना मध्यें फोमची पट्टी घातली. आंतल्या पत्र्यास इतरहि मोठीं भोंकें असतात; कांच वरखालीं करण्याचें यंत्र बसवितांना हात घालण्यासाठीं तीं ठेवलेलीं असतात. तीं जाड चिकट पत्र्यानें झांकलीं. मात्र दाराच्या तळाशीं असलेलीं पाण्याचीं भोंकें कधींहि बुजवूं नयेत. तीं बुजविलीं तर स्पीकर चांगला वाजेल, पण दार आंतून गंजून जाईल. बाहेरच्या पत्र्यावर बोटांच्या पेरांनीं टकटक केली तर डब्यासारखा नाद येतो. त्याच्या मधल्या भागावर आंतून ब्यूटिल रबराची जड पट्टी चिकटविली म्हणजे तोच पत्रा लांकडासारखा वाजतो. सबंध दार मढविण्याचें कारण नाहीं. विकणारा तसें सांगतो, कारण तो पट्टी फुटावर विकतो.

दुसरी चूक याहून बारीक होती. स्पीकरला दोन टोंकें असतात, एक धन व एक ऋण. बहुधा धन टोंक रुंद असतें. उजव्या दारांत तारा बरोबर जोडल्या होत्या, डाव्या दारांत उलट. परिणाम असा कीं उजवा शंकू हवा पुढें ढकली त्याच क्षणीं डावा ती मागें ओढी. मोठ्या दिवाणखान्यांत ही चूक कदाचित् लक्षांतहि येणार नाहीं. परंतु एका केबिनच्या गाडींत दोन्ही स्पीकर चार-साडेचार फुटांच्या अंतरावर समोरासमोर असतात व माणूस मध्यें बसतो. तेथें खालचे स्वर पार बुडतात. ही चूक शोधण्याची युक्ति सोपी आहे. टेपाचा बॅलन्स एका बाजूस पूर्ण फिरवावा. एकच स्पीकर वाजत असतां डग्गा अधिक भरदार ऐकूं आला तर तारा उलट आहेत असें समजावें. नक्की करण्यासाठीं तारा टेपापासून सोडवून टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोंकांस क्षणभर लावावा. शंकू बाहेर उसळला तर सेलचें धन टोंक ज्यास लागलें तेंच स्पीकरचें धन. यासाठीं गाडीची बॅटरी मात्र कधींहि वापरूं नये. वेटोळें जळून जाईल.

कड्या बसवून व डाव्या दारांतील तारा उलटवून घेतल्यावर टेप लावला, तेव्हां मुलाचे वडील पांच मिनिटें कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "सर, मग खोक्यावर पांचशें लिहितात तें काय?"

याचें उत्तर गणितानें देतां येतें. इंजिन चालू असतां गाडीच्या तारांत सुमारें १४ व्होल्ट असतात. टेपांतील अँप्लिफायर स्पीकरास यापेक्षां अधिक दाब देऊं शकत नाहीं. आणि दोन्ही दिशांनीं तो पूर्ण १४ व्होल्ट देतो असें धरलें तरी लाटेची सरासरी परिणामकारक किंमत १० व्होल्टांच्या आसपास पडते. दहाचा वर्ग शंभर. त्यास स्पीकरच्या ४ ओहमांनीं भागलें तर २५ वॅट. अँप्लिफायरमधील घट वजा जातां हातीं अठरा ते वीस उरतात. टेपाच्या तोंडावर "५० वॅट" लिहिलेलें असो, वा स्पीकरच्या खोक्यावर पांचशें असोत, साध्या टेपांतून स्पीकरास सतत मिळतात ते हे वीस वॅट. खोक्यावरील आंकडा बहुधा क्षणमात्र सोसण्याच्या शक्तीचा असतो, देण्याच्या शक्तीचा नव्हे. पोतें शंभर किलोचें असलें म्हणून त्यांत शंभर किलो धान्य आहे असें होत नाहीं. आणि खरोखर हजार वॅट पाहिजेत म्हटलें तर १४ व्होल्टांवर ७१ अँपिअर लागतील, म्हणजे ५५ वॅटचे अठरा हेडलाइट एकदम लावल्यासारखें होईल. बिचाऱ्या जुन्या अल्टरनेटरनें बॅटरी तरी केव्हां भरावी?

खोक्यावर पाहावयाचा आंकडा निराळाच आहे, आणि तो बारीक अक्षरांत असतो: एक वॅट दिला असतां एक मीटरवर किती डेसिबल आवाज होतो तो. एका स्पीकरवर ८६ व दुसऱ्यावर ९२ असेल तर फरक सहाचा दिसतो; पण शक्ति दुप्पट केली कीं आवाज तीनच डेसिबल वाढतो, म्हणून सहाचा फरक म्हणजे चौपट शक्तीचा फरक. ९२ चा स्पीकर २० वॅटांत जितका वाजेल तितकें वाजण्यास ८६ च्या स्पीकरास ८० वॅट लागतील. साधा टेप ठेवावयाचा असेल तर हा आंकडा ९० च्या पुढचा घ्यावा, आणि रोध ४ ओहमच ठेवावा. एकाच तारेवर दोन चार-ओहमी स्पीकर समांतर जोडण्याची चाल दिसते. त्यानें रोध २ वर येतो, टेप तापतो, आणि कांहीं महिन्यांत बंद पडतो.

जागेविषयीं माझें मत स्पष्ट आहे. एका केबिनच्या गाडीस मागचीं दारें नाहींत, मागची फळी नाहीं. बैठकीच्या पाठीमागें चार बोटें मोकळीं, मग पत्रा, आणि पत्र्यापलीकडे हौदा. तेथें चार स्पीकर बसविण्याचा हट्ट कशासाठीं? दारांतील दोन नीट बसविले म्हणजे पुरे. बैठकीमागें कानाशीं लावलेले स्पीकर वरच्या स्वरांनीं डोकें उठवितात. शिवाय त्याच जागेंत जॅक, पाना, दोरखंड व ताडपत्रीचे हूक ठेवण्याची वहिवाट आहे. पुष्कळदां "स्पीकर फाटला" म्हणून जी तक्रार येते ती जॅकची असते. तो फडक्यांत गुंडाळून पाहावा. डग्गा अधिकच पाहिजे असेल तर तेथें प्लायवूडची पातळ बंद पेटी करतां येते, पण बैठक ताठ होऊन चालकाची पाठ दुखेल इतकी जाड ती करूं नये.

नवा स्पीकर घेण्यापूर्वीं कांच पूर्ण खालीं उतरवून पत्र्यापासून कांचेपर्यंतचें अंतर मोजावें. चुंबक खोल असेल तर कांच त्यावर आदळते. त्या शनिवारींहि पॅड लावण्याआधीं कांच दोनदां वरखालीं केली, आणि प्लायवूडच्या जाडीमुळेंच ती वांचली असें दिसून आलें. कडी नसती तर चुंबक कांचेस लागला असता.

निराळा अँप्लिफायर बसवावयाचाच असेल तर त्याची जाड तार थेट बॅटरीवरून आणतात. तिला बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूज पाहिजे, आणि इंजिनाकडील पत्र्यांतून ती जाते तेथें रबराची कडी पाहिजे. पत्र्याच्या धारेनें तारेचें वेष्टन कापलें गेलें व फ्यूज नसला तर गाडी पेटते. हें काम अर्धवट माहितीच्या माणसाकडून करवूं नये. साध्या टेपाच्या तारा बदलतांनाहि प्रथम बॅटरीचें ऋण टोंक सोडवून ठेवावें.

एक गोष्ट मुलाच्या वडिलांपाशीं मीं मुद्दाम काढली. अमेरिकेंतील कामगारांच्या आरोग्याविषयींची सरकारी संस्था असें सांगते कीं ८५ डेसिबलचा आवाज दिवसांतून आठ तासांहून अधिक ऐकूं नये, आणि त्यापुढें दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी करावी: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. डिझेल इंजिन, वारा आणि ताडपत्रीची फडफड यांचा आवाज केबिनमध्यें आधींच भरलेला असतो. चालक त्यावर मात करण्यासाठीं गाणें वाढवीत जातो, आणि रात्रभरांत कानाचें देणें किती झालें हें त्यास कळत नाहीं. आवाज पातळ असला म्हणजे माणूस तो अधिकच वाढवितो, कारण डग्ग्याची उणीव तो जोरानें भरून काढूं पाहतो. ते म्हणाले, "घाटांत मागच्याचा हॉर्न ऐकूं आला पाहिजे, एवढें मला कळतें." त्यांनीं टेपावर नखानें एक खूण केली आहे; घाट लागला कीं बटण तिच्या खालीं आणावयाचें.

उसनवार करण्याचा बेत राहिला. कड्या, पट्ट्या व रंग यांस लागलेला खर्च हजार वॅटच्या जोडीपुढें किरकोळ होता.

जुने दोन स्पीकर आतां आमच्या प्रयोगशाळेंत आहेत. उजवा मुलांनीं उघडला. फटींत लोखंडाचा गंज व लाल माती निघाली, आणि चुंबकास इतका जोर शिल्लक आहे कीं तो टेबलाच्या लोखंडी पायापासून सोडविण्यास दोघे लागतात. डाव्याचें वेटोळें शाबूत आहे. त्यास नवी कड चिकटवून तो वाजतो कां, तें पुढच्या सत्रांत पाहावयाचें आहे.